सातवं गाणं आणि कोपरगावचे बिभीषणराव

६ जानेवारी

"आन बाकीचे आठ बँड कुठल्या गावचे?" — दगडाबाईंचा प्रश्न. दुधाची किटली काट्यावर ठेवता ठेवता! त्यांना मोबाईलवर नऊतली पहिली तीन गाणी ऐकवली होती. आमच्या अल्बमवर आलेला हा पहिला अभिप्राय. मी सांगितलं, आजी, नऊच्या नऊ गाणी आमचीच आहेत, एकाच बँडची. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. "मंग तुमी येकमेकांशी बोलत न्हाई का?"

बोलतो की! फार बोलतो, तिथंच तर घोळ झालाय. रविराजदादाला गिटार घेऊन ओरडायचं असतं. कल्याण बँजो पार्टीत हलगी वाजवत मोठा झाला, त्याला प्रत्येक गाण्यात वरात दिसते. आदिनाथ बेस वाजवतो आणि मधेच त्याला रॅप सुचतं. मी कीबोर्डवर. चौघांनी आपापलं घुसवलं आणि नऊ गाण्यांचे नऊ प्रकार झाले. बँडचं नाव खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा; अल्बमचं नाव पाचट, म्हणजे त्याचा वाळका पाला. आईनं एवढंच विचारलं, "ऊस गेला कुठं?"

७ जानेवारी

आता दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळेला पाचट वाजणार! चेअरमनना विचारलं तर म्हणाले, लाव, आवाज ऐकून तरी लोक वेळेवर येतील. मी आत फॅट तपासते, बाहेर स्पीकर, रांगेतला माणूस पळून जाऊ शकत नाही. असे श्रोते कुणाला मिळतात!

साळूबाईंचा गोठा केंद्राच्या भिंतीला लागून. त्या संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून आल्या. "त्ये पयलं गानं बंद कर. माजी जर्सी पान्हा चोरती."

पहिलं गाणं 'डिझेल'. दादाचं सगळ्यात लाडकं. घरी आल्यावर त्याला सांगितलं तर जेवताना हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "गाईला काय कळतंय?" पुन्हा दोन घास खाऊन — "तिसऱ्याला काय करती?"

तिसऱ्याला सोडते. तिसऱ्यात हलगी आहे. कल्याणला कळवलं, तो दिवसभर मिशीवर हात फिरवत हिंडला.

८ जानेवारी

गोरक्ष ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो, दोन ट्रॉल्या आणि मागे-पुढे मिळून चार स्पीकर. त्याला पेनड्राइव्ह दिला होता. आज रस्त्यात थांबवून विचारलं.

"सहावं लई भारी. कारखान्याच्या रांगेत लावलं, दोन ट्रॅक्टर फुडं सरकलो तरी चालूच हुतं."

"म्हणजे आवडलं?"

"लांब हाय."

९ जानेवारी

आजचा दिवस वाईट.

बावीस फेब्रुवारीला नगरला बँडची स्पर्धा आहे (अहिल्यानगर लिहायला पाहिजे, पण हात ऐकत नाही). एका बँडला एकच गाणं, सहा मिनिटं. दादानं आयोजकांना अल्बम पाठवला होता. त्यांचा फोन आला. गाणी वाईट नाहीत म्हणाले, पण तुम्ही नक्की कोण आहात ते आधी ठरवा. एवढं एकच वाक्य! दादानं ते असं मनाला लावून घेतलं की संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही. आणि बोलला तो थेट जाहीरनामाच.

गाणं जनता ठरवेल. केंद्रावर अभिप्राय वही ठेवायची, प्रत्येकानं आवडलेलं एक गाणं लिहायचं. ज्याला जास्त मतं ते नगरला वाजणार, आणि इथून पुढं खोडवा त्याच वळणाची गाणी करणार. खिचडी बंद!

दोनशे पानी वही आणली. त्याच्या त्या हिरव्या पेनानं वर 'अभिप्राय' लिहून खाली दोन रेघा मारल्या. हिरवा पेन आपल्याकडे दोघंच वापरतात — गॅझेटेड ऑफिसर आणि आमचा दादा. गाण्यांच्या कॉर्डसुद्धा हिरव्यात. बारावीला दोनदा बसला, पण शाई कलेक्टरची.

मी विचारलं, "आणि डिझेल निघालं तर?"

"तर डिझेल. त्यात कीबोर्ड लागत न्हाई."

"मग मी?"

"तू ऐकायला ये."

असं म्हणाला! आणि गिटार पुसायला लागला. चार वर्षं मी या बँडमध्ये आहे. चार वर्षांत एकदाही 'चांगलं वाजवलंस' म्हणालेला नाही. कुणी म्हणालंच तर लगेच ठरलेलं वाक्य — "घरचं मानूस म्हणून सवलत न्हाई." सवलत कोण मागतंय? मला बँडमध्ये राहायचंय. सकाळ-संध्याकाळ फॅट तपासल्यावर मधल्या वेळेत मी जी कुणीतरी असते, ती तिथंच असते. ती गेली तर मागे नुसती किटल्या धुणारी रोहिणी उरेल.

मला रडू आलं. पण तालीम कांद्याच्या चाळीत असते, तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं. कुणाला काही कळलं नाही.

११ जानेवारी

उद्यापासून वही. झोप नाही.

सातवं गाणं माझं आहे. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. ढोल नाही, किंकाळी नाही, दादाची गिटारसुद्धा पाहुण्यासारखी दोनदा येऊन जाते. रेकॉर्डिंग चाळीतच केलं, चारी बाजूंनी गोधड्या बांधून. दुसऱ्या कडव्याच्या आधी मी एक मोठा श्वास घेतलाय, तो चांगला ऐकू येतो. कांद्याची टरफलं उडाली होती, नाकात गेलं, शिंक दाबली आणि दम घेऊन पुढची ओळ उचलली. दादा म्हणाला, हे कापू. मी म्हटलं, कापलंस तर गाणंच काढून टाक. दोन दिवस बोललो नव्हतो. शेवटी राहिला श्वास. बाहेरच्या कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही.

त्या गाण्याला कोण मत देणार? ना त्याला गाय पान्हा सोडते, ना ते लांब आहे.

१२ जानेवारी

केलं! देवा, मी केलं.

पहाटे सव्वापाचला केंद्राचं शटर उघडलं. टेबलावर कोरी वही. म्हटलं पहिला अभिप्राय चांगला असला की पुढच्यांना जरा दिशा मिळते. एवढंच. डाव्या हातानं लिहिलं, अक्षर ओळखू नये म्हणून. असं —

"सातवे गाणे सर्वांत उत्तम. इतर गाण्यांत आवाज आहे, यात माणूस आहे. विशेषतः दुसऱ्या कडव्यापूर्वी गायिकेने घेतलेला श्वास काळजाला भिडतो. या गायिकेस पुढे आणावे. — बिभीषणराव (रसिक श्रोता), कोपरगाव."

कोपरगाव का, तर लांब आहे. आम्ही श्रीगोंद्याकडचे, जिल्ह्याच्या या टोकाला. ते त्या टोकाला. तिथून कोण चौकशी करायला येतंय! बिभीषण का, ते माहीत नाही. बहुतेक घर फोडणाऱ्याचंच नाव तोंडात आलं.

मग किटल्यांची रांग सुरू झाली, मी आत मशीनवर. बाहेर वहीपाशी कल्याणला बसवलं होतं. एकाची फॅट दोनदा काढली. तो खूश.

१२ जानेवारी, संध्याकाळ

काम आटपून मी बाहेर येण्याआधीच दादा येऊन वही घेऊन गेला होता. संध्याकाळी बघते तर केंद्राच्या भिंतीवर आदिनाथच्या दुकानातली भली मोठी झेरॉक्स! अभिप्राय वहीचं पहिलं पान. मूळ पान म्हणे दादानं फाईलमध्ये जपून ठेवलंय. वर माझे बिभीषणराव. खाली पंधरा अभिप्राय. वाचत गेले.

वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.

पंधराच्या पंधरा! खाली सह्या, दोन अंगठे. अगदी पहिल्या 'वरीलप्रमाणे'खालची सही तर कोंबडीनं माती उकरावी तशी. कल्याणला विचारलं ही कुणाची, तर म्हणाला, "गर्दी हुती, मला काय म्हाईत."

१३ जानेवारी

मी कशी विसरले? आमच्या गावात वहीत कुणी स्वतःचं लिहीत नाही! ग्रामसभेचं रजिस्टर असो, शाळेतल्या पाहुण्यांची वही असो, नाहीतर रस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा असो — पहिला शहाणा काय ते लिहितो आणि बाकीचे 'वरीलप्रमाणे' लिहून सही ठोकतात. दगडाबाईंनी तर न विचारता शाईत अंगठा बुडवला. म्हणाल्या, "रेशनचं हाय नव्हं?"

दिशा द्यायला गेले आणि सगळा गावच खांद्यावर घेऊन आले. आज अठ्ठावीस.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटले, गोड काही बोलले नाही. चौपन्न.

१६ जानेवारी

दादा बिभीषणरावांच्या प्रेमात पडलाय!! काल जेवताना तो अभिप्राय त्यानं तोंडपाठ म्हटला. "इतर गान्यांत आवाज हाय, यात मानूस हाय. काय लिहिलंय राव! कोपरगावला असं ऐकणारी मानसं हायेत, आन आपल्याकडं गाय ठरवती." मी पोळीचा तुकडा घशात अडकल्यासारखं केलं आणि पाण्याला उठले.

कहर म्हणजे लोकांनी त्यांना बघितलंय. साळूबाई म्हणाल्या, "उंच हुता. टोपी हुती." गोरक्ष म्हणाला, टोपी नव्हती, चष्मा होता, आणि त्यानं गोरक्षला विडी मागितली. चेअरमन म्हणाले, माझ्याकडं चहा घेतला, फार अभ्यासू माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला स्वतःलाच शंका आली, खरंच कुणी येऊन गेलं की काय.

शनिवार, १७ जानेवारी

दादा म्हणाला, "स्वतःच्या नावाला स्वतःच राव लावलंय. म्हंजी मोठा मानूस असनार." आदिनाथला हसू आवरेना, उठून बाहेर गेला. त्याला काय झालं काय माहीत.

१९ जानेवारी

आज जे लक्षात आलं ते लिहायची लाज वाटते.

सकाळचं संकलन सहाला सुरू होतं. अल्बमही तेव्हाच लावते. सहावं गाणं अकरा मिनिटांचं. ते संपायच्या आत शेवटची किटली रिकामी होते, मी मेन स्विच बंद करते, शटर ओढते. संध्याकाळीही तेच. म्हणजे — सातवं गाणं केंद्रावर एकदाही वाजलेलं नाही! एकदाही! गोरक्षचा ट्रॅक्टरसुद्धा सहाव्यातच रांगेत अडकलेला असतो. एकशे बारा लोकांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलंय, आणि ते गाणं गावात एकानंही ऐकलेलं नाही.

मी नुसती खोटारडी नाही, मी तर बिनविरोध निवडून आलेय!

२० जानेवारी

रात्रभर विचार करून ठरवलं — निदान एकदा तरी ऐकवायचं. पहाटे सातवं गाणं पहिल्यांदा लावलं. मशीनवर बसले, पण कान बाहेर.

काही झालं नाही. कुणी 'वा' म्हटलं नाही. दोघं कांद्याच्या भावावर बोलत होते ते बोलतच राहिले. एकानं विचारलं, "आज स्पीकर बिघडलाय का? आवाज बारीक येतोय." मला वाटलं बरंच झालं, निकाल लागला. आता खाली मान घालून किटल्या धुवायच्या.

मग साळूबाई आल्या. किटली दिली, फॅट झाली, तरी जाईनात. "हे कुठलं गानं? नवं हाय का?"

"सातवं आहे, मावशी. तुम्ही त्यालाच मत दिलंय."

"मी?" त्या भिंतीवरच्या झेरॉक्सकडे बघून जरा ओशाळल्या. "आगं, तवा ऐकलं कुटं हुतं?" मग म्हणाल्या, "तू मधी दम घेतलास बघ. मी किटली घेऊन येत हुते, तवा मी बी किटली खाली ठिवली. उगंच. हात भरून आले हुते ते तवा कळलं." आणि जाता जाता — "परत लाव. हितनं ऐकू येतंय माज्या गोठ्यात."

परत लावलं. तीनदा लावलं. चौथ्यांदा चेअरमननी बंद करायला लावलं.

एकशे बारा 'वरीलप्रमाणे' एकीकडे आणि ही खाली ठेवलेली किटली एकीकडे. पण ती वहीत लिहिलेली नाही ना! वहीत आहेत ते सगळे माझ्या डाव्या हाताचे. मला खूप आनंद झाला आणि लगेच खूप वाईट वाटलं, दोन्ही एकाच वेळी. जर्सीबद्दल विचारायचं राहून गेलं.

२४ जानेवारी

दादा आणि कल्याण कोपरगावला गेले. बिभीषणरावांना शोधायला!!

मी काय काय करून बघितलं. म्हटलं, गार वारं आहे. म्हटलं, कोपरगाव मोठं आहे, नुसत्या नावावर माणूस सापडत नाही. दादा म्हणाला, "रसिक मानूस सापडतोच." मोटारसायकलला किक मारली आणि गेले. दीडशे किलोमीटर. जो माणूस मी पहाटे सव्वापाचला तयार केला, त्याच्यासाठी!

सांगून टाकावं असं फाटकापर्यंत वाटत होतं. धूळ खाली बसली तेव्हा मी तिथंच उभी होते.

रात्री

सापडला.

सापडला!!! दादा सांगत होता, गोदावरीच्या पुलापलीकडे तिसरं घर, दारात पेरू. बिभीषणराव स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "व्हय, मीच लिहिलं."

मीच लिहिलं?! अरे वा रे वा! चोरावर मोर म्हणतात तो हाच. आणि मी त्याला खोटारडा कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि एक तारखेला त्यांचा सत्कार ठरलाय. केंद्रासमोर. शाल, नारळ, सगळं. त्याच कार्यक्रमात गाण्याची अधिकृत घोषणा.

२५ जानेवारी

ताप येतोय का बघितलं. येत नाही.

२८ जानेवारी

मोबाईलवर बघितलं, इतिहासात आपणच बनवलेल्या माणसाच्या सत्काराची उदाहरणं आहेत का. नाहीत.

आई म्हणाली, "तुजं गानं येकदा ऐकव मला. गावानं ऐकलं, आमीच राह्यलो." गावानं! मी म्हटलं, नंतर.

१ फेब्रुवारी

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

बिभीषणराव जीपमधून उतरले. बुटके. टोपी आणि चष्मा दोन्ही. चेअरमन पुढे होऊन म्हणाले, "पुन्हा भेट झाली!" आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पुन्हा! गोरक्षनं विडी पुढे केली, तर त्यांना तंबाखूचा ठसका लागतो म्हणे. तरी गोरक्ष म्हणाला, त्या दिवशी ओढली की.

सत्काराला ऐंशीएक माणूस. नारळ, शाल, फेटा. फेटा मोठा झाला, एका डोळ्यावर आला. मग भाषण. मी मनात म्हटलं, आता उघडं पडणार. याला काय माहीत सातवं गाणं कसलं!

बिभीषणरावांनी घसा साफ केला. "या अल्बममधी नऊ परकारची गानी हायेत. काही लोक म्हनत्यात भेळ झाली. मी म्हनतो, भेळीत काय वाईट हाय? आमच्या नऊ म्हशी हायेत. येक मारकी, येक गरीब, येक नुसती बघत बसती. दूध सगळ्यांचं येकाच कॅनमधी जातंय." टाळ्या! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग माझ्याकडे बोट करून — "पन या पोरीनं दुसऱ्या कडव्याच्या आधी जो दम घेतलाय, तो ऐकून मी रस्त्यात गाडी थांबिवली हुती."

 श्वास! याला श्वास कसा माहीत? झेरॉक्स वाचली असेल, दुसरं काय. पण डोळे पुसत होता! एक डोळा फेट्याखाली, दुसरा पुसत होता. मीच बनवलेला माणूस, माझीच वाक्यं, आणि मलाच भरून आलं. असला गाढवपणा!

दादानं माईक घेतला. जनतेचा कौल मान्य, नगरला सातवं गाणं. आणि म्हणाला, "घरचं मानूस म्हणून न्हाई. लोकांनी निवडलं म्हणून."

जेवायला बिभीषणराव पंगतीत बसले. तीन वेळा आमटी घेतली. वाढणाऱ्या कल्याणला "कल्या, मीठ आण" म्हणाले. पहिल्या भेटीत कल्या! पण आमच्या भागात पंगतीला बसलं की ओळख लगेच होते.

सगळे सुखात होते. मी सोडून.

२ फेब्रुवारी

आता पुरे.

उद्या दादाला सांगणार. सगळं. डावा हात, सव्वापाच, कोपरगाव. गावानं गाणं ऐकलेलंसुद्धा नव्हतं, हेही. बिभीषणराव कोण आहेत ते मला माहीत नाही, पण ते मी आहे, असं सांगणार. मग नगरला डिझेल वाजवा, कीबोर्ड लागत नाही तर नाही. मी ऐकायला येईन. पुढच्या रांगेत बसेन आणि चुकलं तरी टाळ्या वाजवेन.

माझं खरं मत इथं लिहून ठेवते, इथं तरी सही माझीच. नऊच्या नऊ गाणी राहायला पाहिजेत. डिझेल ऐकताना मला हसू येतं, पण मधल्या गिटारला अजूनही अंगावर काटा येतो, आणि ती दादाशिवाय कुणाला वाजवता येणार नाही. आदिनाथचं रॅप भिकार आहे, तेही राहू दे. आणि सातवं गाणं चांगलं आहे. मी लिहिलं म्हणून नाही. साळूबाईंनी किटली खाली ठेवली म्हणून.

आणि दादा गाढव आहे. गावातल्या एकशे चाळीस लोकांना, एका जर्सीला आणि कोपरगावच्या म्हाताऱ्याला विचारत बसला, शेजारच्या खोलीत 'तुझं गाणं चांगलं झालंय' एवढं म्हणायला आला नाही. त्यानं एकदा म्हटलं असतं तर मी कशाला डावा हात वापरला असता!

कीबोर्ड पुसून खोक्यात भरला. ही रोजनिशीही नेहमीसारखी त्यातच, वायरींच्या खाली. सकाळी दादा खोकं चाळीत नेऊन ठेवेल. नेऊ दे, शेवटचं.

३ फेब्रुवारी

सांगायला चाळीत गेले. दादा नव्हता, खोकं होतं. रोजनिशी काढली तर आत घडी घातलेला कागद. अभिप्राय वहीचं पहिलं पान. झेरॉक्स नाही, मूळ. वर माझा डावा हात, त्याखाली अगदी पहिलं 'वरीलप्रमाणे' आणि ती कोंबडीनं उकरलेली सही. झेरॉक्समध्ये सगळं काळं दिसत होतं. इथं ती ओळ हिरवी आहे.

पाठीमागे ताजी शाई, तीही हिरवीच —

"श्वासावरून त्याच दिवशी ओळखलं. बिभीषणराव कल्याणचे मावसे, शाल परत द्यायची न्हाई म्हणतात. तालीम रात्री आठला. गाढव हा शब्द तेवढा मागे घे."